लिनक्स संगणकावरून फॅक्सची देवाणघेवाण : तांत्रिक स्वरूप व महाविद्यालयीन कार्यालयातील उपयोग

प्रस्तावना :

सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील लोणंद हे गाव कांद्याच्या बाजारपेठेसाठी आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामासाठी सर्वपरिचित आहे. पुणे–मिरज लोहमार्गावरील या गावापासून कोल्हापूरचे अंतर दीडशे किलोमीटरहून अधिक भरते. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ साली झाली. तेव्हापासून कित्येक दशके सातारा, सांगली व कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांचा कारभार कोल्हापूरशी बांधलेला राहिला. परीक्षेच्या वेळापत्रकातील बदल असो वा 'माहिती आजच कळवावी' असे परिपत्रक असो, टपालाचे दोन-तीन दिवस परवडत नसत. अशा वेळी शिपायास बाजारपेठेतील एसटीडी-पीसीओ केंद्रावर पिटाळावे आणि तेथील यंत्रातून निघालेली गुळगुळीत कागदाची गुंडाळी आणवावी, हा छोट्या गावांतील महाविद्यालयांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता.

त्याच काळात या महाविद्यालयांत संगणक आले, पाठोपाठ इंटरनेटसाठी मोडेम आले. या मोडेमपैकी बहुतेकांत फॅक्स पाठविण्याची व स्वीकारण्याची क्षमता मुळातच होती, याची जाणीव मात्र फार थोड्या कार्यालयांना होती. लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली वापरणाऱ्यांस तर त्यासाठी वेगळी आज्ञावली विकत घेण्याचीही गरज नव्हती. फॅक्सचे युग आता ओसरले असले, तरी हा विषय दोन कारणांनी विचारात घेण्यासारखा आहे. पहिले कारण असे की, फॅक्सचा संवाद संपूर्णपणे प्रकाशित मानकांवर चालतो. त्यामुळे दोन यंत्रे परस्परांशी कशी बोलतात हे विद्यार्थ्यांना उलगडून दाखविण्यास याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. महाविद्यालयांच्या दप्तरात आजही जुने फॅक्स आहेत आणि ते कशाचा पुरावा ठरतात, कशाचा ठरत नाहीत, हे तंत्र समजल्यावाचून सांगता येत नाही.

दूरध्वनीच्या तारेवरील संभाषण :

चित्र तारेने पाठविण्याची कल्पना दूरध्वनीपेक्षा जुनी आहे. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश कारागिराने तिचे एकस्व १८४३ मध्ये घेतले, तर दूरध्वनीचे एकस्व १८७६ चे आहे. आज ज्याला फॅक्स म्हणतात तो 'गट ३' या नावाने ओळखला जाणारा प्रकार आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या मानकांनी १९८० मध्ये निश्चित झाला. त्यातील 'टी.४' हे मानक पानाचे चित्र कसे सांकेतिक करावे ते सांगते, आणि 'टी.३०' हे मानक दोन यंत्रांनी परस्परांशी कोणत्या क्रमाने बोलावे ते सांगते.

हा क्रम मोठा शिष्टाचाराचा आहे. फॅक्स करणारे यंत्र दर साडेतीन सेकंदांनी अर्धा सेकंद ११०० हर्ट्‌झचा स्वर काढते. उचलणारे यंत्र २१०० हर्ट्‌झच्या दीर्घ स्वराने उत्तर देते. चुकून फॅक्सच्या क्रमांकावर दूरध्वनी लागला की कानठळ्या बसविणारी जी शिटी ऐकू येते ती हीच. यानंतर स्वीकारणारे यंत्र सेकंदाला ३०० बिट अशा संथ पण भरवशाच्या गतीने आपली क्षमता कळविते : कोणती गती झेपेल, सूक्ष्म प्रतीचे पान घेता येईल की नाही, चूक दुरुस्तीची सोय आहे की नाही. पाठविणारे यंत्र त्यांतून निवड करून ती कळविते आणि दीड सेकंदभर केवळ शून्यांची मालिका पाठवून तारेची परीक्षा घेते. परीक्षा उतरली तर पान निघते. न उतरली तर गती कमी करून पुन्हा प्रयत्न होतो. म्हणून १४,४०० बिटांनी सुरू झालेली बोलणी खरखरत्या तारेवर ९६०० वा ४८०० वर येऊन स्थिरावतात. पान संपताच पाठविणारा 'आणखी पान आहे' वा 'एवढेच' असे सांगतो आणि स्वीकारणारा पोहोच देतो. ही पोहोच मिळाल्याशिवाय पाठविणाऱ्याच्या नोंदीत यशाची खूण उमटत नाही. साध्या ई-मेलमध्ये अशी तत्काळ पोहोच मिळतेच असे नाही, आणि फॅक्सला कार्यालयांत जो मान मिळाला त्याचे एक मूळ येथे आहे.

देवनागरी पान आणि बिंदूंचा हिशेब :

फॅक्स अक्षरे पाठवीत नाही, अक्षरांचे चित्र पाठवितो. मराठी कार्यालयांच्या दृष्टीने हा गुण फार मोलाचा ठरला. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी प्रत्येक मराठी फॉन्टची अंतर्गत संकेतावली निराळी असे. एका कार्यालयात टंकलिखित केलेली फाईल दुसऱ्या कार्यालयात उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा गोंधळ दिसे. तोच मजकूर फॅक्सने गेला की जसाच्या तसा वाचता येई. फॅक्सला लिपी कळत नाही, आणि हे अज्ञानच मराठीच्या कामी आले.

गट ३ च्या पानावर प्रत्येक ओळीत १७२८ बिंदू असतात, म्हणजे आडव्या दिशेने दर मिलिमीटरला सुमारे आठ. उभ्या दिशेने मात्र साध्या प्रतीत दर मिलिमीटरला ३.८५ ओळी, तर सूक्ष्म प्रतीत ७.७ ओळी वाचल्या जातात. ए-४ आकाराच्या पानाची उंची २९७ मिलिमीटर धरली, तर साध्या प्रतीत सुमारे ११४३ ओळी व जवळजवळ पावणेवीस लाख बिंदू होतात. हे सारे बिंदू काळा-पांढरा असे एकेक करून सेकंदाला ९६०० बिट या गतीने पाठवायचे तर एका पानाला सुमारे तीन मिनिटे पंचवीस सेकंद लागतील. प्रत्यक्षात टंकलिखित पत्र एखाद्या मिनिटात जाते, कारण बिंदूंऐवजी सलग पट्ट्यांच्या लांबीचे संकेत पाठविले जातात. पूर्ण कोऱ्या ओळीचे १७२८ बिंदू अवघ्या १७ बिटांत सांगून होतात. ओळ संपल्याची खूण म्हणून आणखी १२ बिट लागतात.

देवनागरीची ठेवण या पद्धतीला मानवणारी आहे. एक सेंटिमीटर लांबीच्या शब्दाची शिरोरेखा म्हणजे सलग ८० काळे बिंदू. ते वीस बिटांत मावतात. दुसऱ्या, द्विमितीय संकेतपद्धतीत प्रत्येक ओळीची तुलना वरच्या ओळीशी केली जाते आणि कड वरच्याच जागी असेल तर एकच बिट पुरतो. काना, दंड, अक्षरांच्या उभ्या रेघा येथे फार स्वस्तात जातात.

अनुस्वाराचे मात्र तसे नाही. नेहमीच्या आकाराच्या टंकात अनुस्वाराचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. साध्या प्रतीत दोन ओळींमधील अंतर ०.२६ मिलिमीटर असल्याने त्या ठिपक्याच्या वाट्याला दोनच ओळी येतात. मूळ छपाई फिकट असेल वा पान तिरके सरकले असेल तर त्याही हुकतात. 'पद मंजूर' हे पलीकडे 'पद मजूर' होऊन निघू शकते. वाचणारा संदर्भाने सावरून घेतो, हे खरे. पण १ व ९ या अंकांच्या बाबतीत संदर्भ साहाय्याला येत नाही. म्हणून मराठी पत्र नेहमी सूक्ष्म प्रतीतच पाठवावे. वेळ वाढतो, पण दुप्पट वाढत नाही, कारण लगतच्या ओळी बव्हंशी सारख्या असल्याने द्विमितीय पद्धतीत त्यांचा भार कमी पडतो.

यंत्रापेक्षा संगणकाची सरसता येथे दिसून येते. यंत्रात कागद घालावा लागतो आणि त्याचे वाचन होते. संगणकावरून पाठविताना मजकुरापासून थेट बिंदूंचे चित्र तयार होते, म्हणून तिरकेपणा आणि फिकटपणा हे दोष पाठविणाऱ्या बाजूस संभवतच नाहीत. लिनक्सवर हे रूपांतर घोस्टस्क्रिप्ट ही आज्ञावली करते. तिला पोस्टस्क्रिप्ट वा पीडीएफ दिली की फॅक्सच्या मापाची टिफ प्रतिमा मिळते. एक पथ्य पाळावे. साधी मजकूर-फाईल थेट फॅक्सच्या आज्ञावलीकडे सोपवू नये. तिच्यातील मजकूर-रूपांतरक रोमन लिपीपुरते लिहिलेले असतात. त्यांना जोडाक्षरे जुळविता येत नाहीत. पत्र लिबरऑफिसमध्ये लोहित देवनागरीसारख्या युनिकोड फॉन्टमध्ये तयार करून त्याची पीडीएफ करावी आणि तीच पाठवावी.

मोडेम आणि आज्ञावली :

लिनक्सवर फॅक्स न चालण्याच्या तक्रारींचे मूळ बहुधा मोडेममध्ये सापडते. १९९० च्या दशकाअखेरीपासून संगणकाच्या आत बसविलेले जे स्वस्त मोडेम सर्रास मिळू लागले, त्यांना 'विनमोडेम' म्हणत. त्यांतील बरेचसे काम विंडोजवरील आज्ञावलीच करीत असे. मोडेम म्हणजे केवळ तारेला जोडणारा दुवा. लिनक्सवर असे पुष्कळसे मोडेम मुके राहत. स्वतंत्र डबीतील, सिरियल पोर्टाला जोडावयाचा मोडेम थोडा महाग पडे, परंतु तो कोणत्याही प्रणालीवर निमूटपणे चाले. यूएसबीने जोडावयाच्या मोडेमांतही हाच भेद पाहावा लागतो.

मोडेमला त्याची फॅक्स-क्षमता विचारता येते. तो 'वर्ग १', 'वर्ग २' किंवा 'वर्ग २.०' असे उत्तर देतो. वर्ग १ मध्ये टी.३० चा सारा शिष्टाचार संगणकाने पाळावयाचा असतो, मोडेम फक्त स्वर काढतो. वर्ग २ मध्ये तो भार मोडेम उचलतो. दुसरा प्रकार सोयीचा वाटतो. पण मोडेमच्या अंतर्गत आज्ञावलीत दोष असला तर तो वापरणाऱ्याला दुरुस्त करता येत नाही. वर्ग १ मध्ये संगणकाला मिलिसेकंदांचा हिशेब सांभाळावा लागतो. उदाहरणार्थ, गती कळविल्यानंतर सुमारे ७५ मिलिसेकंद थांबून परीक्षेचा संकेत निघावा लागतो. मात्र तेथील दोष आज्ञावलीत शोधता येतो आणि सुधारता येतो. आजच्या संगणकांना हा वेळ सांभाळणे जड जात नाही, त्यामुळे वर्ग १ ने आरंभ करणे अधिक शहाणपणाचे.

आज्ञावलींपैकी तीन उल्लेखनीय होत. एड कासास यांची 'ईफॅक्स' ही सर्वांत लहान. एका संगणकावर, एका मोडेमवर अधूनमधून फॅक्स करणाऱ्यास ती पुरते. गर्ट डोअरिंग यांची 'एमगेटी' ही मोडेमवर सतत कान ठेवून बसते. पलीकडून फॅक्स येत आहे की संगणकाचा डेटा, हे तीच ओळखते. सॅम लेफलर यांनी १९९० च्या दशकारंभी 'फ्लेक्सफॅक्स' या नावाने सुरू केलेली 'हायलाफॅक्स' ही मात्र खऱ्या अर्थाने कार्यालयीन व्यवस्था आहे. एका संगणकाला मोडेम जोडावा आणि जाळ्यातील इतर सर्व संगणकांवरून फॅक्स पाठवावेत, अशी तिची रचना आहे. ज्या कार्यालयात प्राचार्य, कार्यालयीन अधीक्षक आणि परीक्षा विभाग अशा तिघांना एकच दूरध्वनी वापरावयाचा असतो, तेथे तिची रांग-पद्धत उपयोगी पडते : क्रमांक गुंतलेला असेल तर काम रांगेत थांबते आणि काही वेळाने आपोआप पुन्हा प्रयत्न होतो. शिपायाने क्रमांक फिरवीत बसण्याचे कारण उरत नाही.

स्थापनेचा आरंभ 'फॅक्ससेटअप' या आज्ञेने होतो आणि मोडेमची नोंद 'फॅक्सअ‍ॅडमोडेम' या आज्ञेने. दुसरी आज्ञा देशाचा संकेतांक, क्षेत्र-क्रमांक आणि स्वतःचा फॅक्स क्रमांक विचारून घेते. भारतात येथे एक अडचण हमखास येते. कित्येक मोडेम अमेरिकी धाटणीच्या डायल-टोनची वाट पाहतात. आपल्याकडील टोन निराळा असल्याने 'डायल-टोन नाही' असे सांगून ते थांबतात. मोडेमच्या आरंभ-आज्ञेत 'एक्स-३' ही खूण घातली की तो टोनची वाट न पाहता क्रमांक फिरवितो. कार्यालयात इंटरकॉम असून बाहेरच्या तारेसाठी आधी शून्य दाबावे लागत असेल, तर शून्यानंतर स्वल्पविराम द्यावा. मोडेम तेथे क्षणभर थांबतो. यानंतर 'सेंडफॅक्स' या आज्ञेला कोल्हापूरचा ०२३१ ने सुरू होणारा क्रमांक, सूक्ष्म प्रतीची सूचना आणि पीडीएफचे नाव दिले की काम रांगेला लागते. 'फॅक्सस्टॅट' ही आज्ञा रांगेची स्थिती सांगते.

फॅक्स स्वीकारणे :

पाठविण्यापेक्षा स्वीकारणे अवघड, कारण तेथे वेळ दुसऱ्याच्या हाती असते. हायलाफॅक्सचा 'फॅक्सगेटी' हा घटक घंटा वाजताच ठरावीक कर्णांनंतर तार उचलतो, आलेले पान टिफ रूपात आवक-निर्देशिकेत ठेवतो आणि हवे असल्यास पीडीएफ करून संबंधिताच्या ई-मेलकडे रवाना करतो. जुन्या आवृत्त्यांत हा घटक 'इनिटटॅब' या फाईलमधून सुरू करीत; आताच्या वितरणांत ते काम 'सिस्टमडी' करते.

एकच तार बोलण्यासाठीही आणि फॅक्ससाठीही असेल तर कार्यालयीन वेळेत घंटांची संख्या वाढवून ठेवणे आणि सायंकाळनंतर ती कमी करणे हा साधा उपाय आहे. समांतर जोडलेले दूरध्वनी हे मात्र फॅक्सचे शत्रूच. पान येत असताना प्राचार्यांच्या दालनातील रिसीव्हर उचलला गेला की तारेवरील बिट विस्कटतात. चूक दुरुस्तीची पद्धत दोन्ही बाजूंस असेल तर बिघडलेले तुकडे पुन्हा मागवून घेतले जातात. नसेल तर पानावर आडवी पट्टी उमटते किंवा संभाषण तुटते.

विजेचा प्रश्न याहून बिकट होता. दूरध्वनीला लागणारी वीज केंद्राकडून तारेतूनच येई, म्हणून भारनियमनातही घंटा वाजे. संगणक व मोडेम मात्र बंद पडलेले असत. कागदी फॅक्स यंत्राचीही तीच गत होती. परंतु संगणक वीज आल्यावर पुन्हा पूर्ण सुरू होण्यास मिनिट-दोन मिनिटे घेतो आणि कोणी बटण दाबेपर्यंत बंदही राहू शकतो, हा फरक ध्यानात ठेवूनच आवक फॅक्सची जबाबदारी त्याच्यावर टाकावी लागे. स्वीकारणारा नसेल तर उत्तम यंत्रणाही व्यर्थ, हे २१ नोव्हेंबर २०१८ रोजी देशाने पाहिले. जम्मू-काश्मीरमध्ये सरकार स्थापनेचा दावा करणारे मेहबूबा मुफ्ती यांचे पत्र राजभवनाच्या फॅक्सवर पोहोचू शकले नाही. राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी सुटीमुळे कोणी उपस्थित नसल्याचे कारण दिले, आणि त्याच दिवशी विधानसभा विसर्जित झाली.

पुरावा म्हणून फॅक्स :

धनादेश न वटल्यास द्यावयाची नोटीस फॅक्सने दिली तर ती ग्राह्य काय, हा प्रश्न 'एसआयएल इम्पोर्ट, यूएसए विरुद्ध एक्झिम एड्स सिल्क एक्स्पोर्टर्स' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि १९९९ मध्ये न्यायालयाने ती ग्राह्य ठरविली. गंमत अशी की, हा निर्णय नोटीस देणाऱ्यावरच उलटला. त्याने जून १९९६ मध्ये आधी फॅक्सने व लगेच रजिस्टर टपालाने नोटीस पाठविली होती. न्यायालयाने मुदत फॅक्स पोहोचल्या दिवसापासून मोजली, आणि ऑगस्टमध्ये दाखल केलेली तक्रार मुदतबाह्य ठरली. टपालाची तारीख धरली असती तर ती मुदतीत बसत होती.

अशा प्रसंगी सारा भर तारखेवर आणि क्रमांकावर असतो. येथेच तांत्रिक ज्ञान कामी येते. पानाच्या शिरोभागी छापून येणारी तारीख, वेळ व क्रमांक ही ओळ पाठविणाऱ्याचे यंत्र तयार करते. हायलाफॅक्समध्ये स्वतःचा क्रमांक काय सांगावा हे एका साध्या मजकूर-फाईलमध्ये लिहावयाचे असते. तेथे कोणताही क्रमांक लिहिता येतो. संगणकाचे घड्याळ मागे-पुढे करणेही अवघड नाही. म्हणजे ती ओळ पाठविणाऱ्याचे निवेदन आहे, स्वतंत्र साक्ष नव्हे. त्या तुलनेत स्वीकारणाऱ्या संगणकातील संवाद-नोंद अधिक वजनदार असते. तिच्यात तार केव्हा उचलली, पलीकडच्या यंत्राने स्वतःची काय ओळख सांगितली, कोणती गती ठरली, किती पाने आली हे सेकंदागणिक लिहिलेले असते. दूरध्वनी कंपनीच्या कॉल-नोंदीशी ती ताडून पाहता येते. याउलट पाठविणाऱ्याला मिळणारी पोहोच 'पान आले' एवढेच सांगते. पानावर काय होते ते सांगत नाही. कागद उलटा घातल्याने कोरे पान गेले, तरी पोहोच यशाचीच मिळते.

दप्तराच्या दृष्टीने आणखी एक हानी झालेली आहे. जुनी स्वस्त यंत्रे उष्णतेने काळ्या होणाऱ्या थर्मल कागदावर छापीत. तो कागद उजेडाने, उष्णतेने आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतील रसायनांनी फिका पडत जातो. मूल्यांकन समितीपुढे ठेवण्यासाठी जपलेले पत्र काही वर्षांनी उघडावे आणि हाती कोरा पिवळट कागद यावा, असे घडू शकते. ज्या कार्यालयांनी त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवली त्यांचे दप्तर वाचले. ज्यांकडे असे फॅक्स अद्याप अर्धवट वाचनीय असतील, त्यांनी ते विनाविलंब स्कॅन करावेत. स्कॅन करताना राखाडी छटा राखाव्यात, केवळ काळा-पांढरा प्रकार निवडू नये, अन्यथा उरलेली फिकट अक्षरेही पुसली जातात. लिनक्सवर स्वीकारलेल्या टिफ फाईलींची स्थिती निराळी आहे. त्या फिक्या पडत नाहीत आणि आजच्या साध्या प्रतिमा-दर्शकातही उघडतात. मात्र साध्या प्रतीच्या पानांची उंची निम्मी दिसल्यास ती फाईलीतील बिघाड समजू नये. आडवी व उभी घनता भिन्न असल्याचा तो परिणाम असतो.

सद्यःस्थिती :

तांब्याच्या तारांची जागा आता फायबरने घेतली आहे आणि आवाज डेटाच्या पुडक्यांतून जातो. मोडेमचे स्वर अशा मार्गाने जाताना आवाज आकुंचित करणारी पद्धत मध्ये आली की फॅक्स तुटतो, 'जी.७११' ही विनाआकुंचन पद्धत असेल तर बहुधा निभावते. यासाठीच १९९८ मध्ये 'टी.३८' हे मानक आले. त्यात स्वरांऐवजी त्यांतील आशय पुडक्यांत घालून पाठविला जातो. स्टीव्ह अंडरवूड यांचा 'स्पॅनडीएसपी' हा आज्ञावली-संग्रह आणि ली हॉवर्ड यांचा 'आयएएक्समोडेम' यांच्या साहाय्याने मोडेमची डबीही अनावश्यक ठरली. 'अ‍ॅस्टरिस्क' या मुक्त दूरध्वनी-प्रणालीला जोडून हायलाफॅक्स निव्वळ आज्ञावलीवर चालते. संगणकशास्त्र विभागाला प्रयोगासाठी हा मार्ग सर्वांत स्वस्त आहे. दोन जुन्या संगणकांवर ही जुळणी करावी, दोहोंतील संवाद-नोंद उघडावी आणि टी.३० चा प्रत्येक संदेश विद्यार्थ्यांकडून ओळखून घ्यावा.

अशी यंत्रणा प्रत्यक्ष तारेला जोडावयाची असल्यास ती अद्ययावत असणे आवश्यक आहे. २०१८ मध्ये फॅक्समार्गे येणाऱ्या रंगीत जेपेग चित्रांच्या हाताळणीतील त्रुटी उघड झाल्या. प्रथम काही छपाई-यंत्रांत आणि नंतर हायलाफॅक्समध्येही. पलीकडून पाठविलेल्या विशिष्ट घडणीच्या पानाने स्वीकारणाऱ्या संगणकाचा ताबा घेता येऊ शकत होता. हायलाफॅक्सच्या त्यापुढील आवृत्त्यांत ही त्रुटी दूर केलेली आहे, तेव्हा कपाटात पडून असलेल्या जुन्या सीडीवरून स्थापना करणे टाळावे.